पहिल्या तोड्याची गाडी

गाडी विकायची, असं माझ्या सासूबाईंनी ठरवलं तेव्हा मी वांग्यांना पाणी देत होते. बांधावर उभ्या राहून त्यांनी ते सांगितलं आणि मी तोंड उघडायच्या आत त्या घराकडे वळल्यासुद्धा. त्यांची ही जुनी सवय आहे. निर्णय सांगताना त्या नेहमी निघायच्या तयारीत असतात.

गाडी म्हणजे आमची पांढरी पिकअप. तेलुगू मुलखाच्या या टोकाला, तामसीच्या अलीकडे, आमचं भाजीपाल्याचं शेत आहे. टमाटे, वांगी, मेथी, कोथिंबीर आणि बांधाकडेनं लाल भोपळे, ज्यांना आमच्याकडे कोहळी म्हणतात. पहाटे काढलेला माल उजाडायच्या सुमाराला आदिलाबादच्या रयतू बाजारात, जिथं शेतकरी स्वतःच विकतात, पोचला तर तो आमचा माल. उशीर झाला की तो दलालाचा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच बघत आले आहे. गाडी आमचे मालक चालवायचे. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणायचं. गोठ्यातल्या म्हशीसुद्धा त्यांचं ऐकत नाहीत.

मग साखरेनं त्यांच्या डोळ्यांचा पडदा धरला. नागपूरला नेलं, सुया झाल्या, लेझर झालं, आणि शेवटी दोन्ही डोळ्यांत मधोमध एक डाग कायमचा राहिला. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी किल्ली कोनाड्यात ठेवली आणि त्यानंतर ते फारसे बोलेनासे झाले. विचारलं तर हो-नाही. जेवायला बोलावलं तर येऊन बसायचे. एवढा गप्पिष्ट माणूस असा मिटून बसलेला बघणं मला आजारापेक्षा जड गेलं.

म्हणून मी गाडी शिकले. त्यांनीच शेजारी बसून शिकवली. आधी शेताच्या वाटेवर, मग गावाबाहेरच्या मातीच्या रस्त्यावर, मग तामसीपर्यंत. आमची मुलगी मंचेरियलला नर्सिंगला आहे, तिनं रोज फोनवरून रस्त्याच्या खुणांचे तेलुगू प्रश्न माझ्याकडून घोकून घेतले. मी मराठी शाळेत दहावी झालेली. तेलुगू बोलता येतं, वाचायला बसले की अक्षरं एकमेकांत जिलेबीसारखी गुंततात. लायसन देणाऱ्या साहेबाला आमच्याकडे ब्रेक इन्स्पेक्टर म्हणतात. त्यानं मला मैदानात आठाचा आकडा काढायला लावला, ‘मेल्लगा अम्मा, मेल्लगा’ म्हणजे हळू बाई हळू असं दोनदा म्हणाला, आणि पास केलं.

सासूबाईंना त्या लायसनचं कौतुक नव्हतं. कागद काही गाडी चालवत नाही, असं त्या म्हणाल्या. घरात चालवणारा पुरुष नाही, तर दारात गाडी कशाला. आदिलाबादचा एक व्यापारी गाडी मागतच होता. त्याला त्यांनी सोमवारी यायला सांगून टाकलं. गाडी गेली की माल बांधावरूनच दलालाला जाणार, हे मला दिसत होतं. आणि मालक मग दिवसभर कोनाड्यासमोर बसून राहणार, हेही दिसत होतं.

त्यात पहिला तोडा, म्हणजे पहिली तोडणी, आली. हिवाळी टमाट्याचा पहिला तोडा आमच्या घरात विकत नाहीत, खातही नाहीत. तो माहूरला जातो. रेणुकामाता आमची कुलदेवी. गडावर दत्तशिखराच्या वाटेला एक मठ आहे, तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवण मिळतं. त्या स्वयंपाकघरात आमचे टमाटे पडले की मग आमचा बाजार सुरू. सासऱ्यांच्याही आधीपासूनची ही रीत. तेव्हा बैलगाडीनं मुक्काम करत जायचे. या वर्षी सासूबाई म्हणाल्या, तामसीहून जीप करू. मी भाकरी थापत होते. तिथूनच म्हणाले की जीप कशाला, गाडी मी चालवते.

माझा राग नाकावर असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी मी रागानं बोलले नव्हते. सासूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“चालव,” त्या म्हणाल्या. “गडावर नेऊन सगळ्यायले धडधाकट घरी आनशील तं गाडी राहीन. नाही तं सोमवारी व्यापारी येऊनच राह्यला.”

मालकांनी मान वर केली नाही, पण त्यांचा घास हातातच राहिला होता.

शनिवारी सकाळी निघालो. माल मी भरणार होते, पण चहा करून बाहेर येते तो सासूबाईंनी सगळं भरून दोरी बांधलेली. आणि भरलं कसं? टमाट्याचे क्रेट केबिनला चिकटून खाली, आणि त्यांच्यावर कोहळी. मागची अर्धी गाडी रिकामी. देवीचे टमाटे बाजाराच्या टमाट्यासारखे अर्धे कच्चे तोडत नाहीत, वेलावर पूर्ण लाल झालेले घेतात. असल्या टमाट्यावर कोहळं ठेवणं म्हणजे चटणीच करणं. कोहळं खाली, टमाटे वर, हे आमच्या वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. मला एकच वाटलं. मला नापास करायचं यांनी आधीच ठरवलं आहे. गडावर क्रेट उघडायचे, फुटलेले टमाटे दाखवायचे आणि म्हणायचं, बघा कशी चालवली. पण सासू म्हणेल ती पूर्व दिशा. मी गिळलं आणि किल्ली फिरवली.

केबिनमध्ये तिघं दाटीवाटीनं बसलो. मालक खिडकीशी, सासूबाई मध्ये. गिअरची दांडी त्यांच्या गुडघ्याला लागायची. दर वेळी गिअर बदलताना मला “गुडघा, आत्याबाई” म्हणावं लागे, आणि त्या देवाचं नाव घेऊन गुडघा सरकवत. त्यांचा एक हात समोरच्या फळीवर घट्ट रोवलेला होता. ती फळी धरून ठेवली तर गाडी रस्त्यावर राहील अशी त्यांची समजूत असावी.

रस्त्यात कापसाच्या गाड्याच गाड्या. दोन्ही बाजूंनी पोट फुगलेले ट्रक, मागून कापूस उडतोय, रस्त्याच्या कडेच्या झुडपांना पांढरं लागलेलं. असा एक ट्रक समोरून आला की आपण आपोआप श्वास आत घेतो. मालकांना मात्र रस्ता कानानं पाठ होता. आता पूल येईल, आता डावीकडे उतार, आता शाळा आहे, हळू कर. पहिले काही कोस मी ऐकलं. मग न राहवून म्हणाले की उंटावरून शेळ्या हाकू नका, मला डोळे आहेत.

बोलून गेले आणि जीभ चावली. मालक खिडकीबाहेर तोंड करून बसले. रस्त्यावरच्या पाट्यांवरचं तेलुगू संपलं, मराठी आलं, दोन्ही बाजूंना सागाची झाडं लागली, मोठी वाळकी पानं रस्त्यावर घरंगळत होती. मला ती शांतता सोसेना. एका वळणाच्या अलीकडे मी मुद्दाम विचारलं, इथं पुढं काय आहे हो? त्यांनी खिडकीबाहेरचं तोंड आत वळवलं. मग म्हणाले, पुढं मारुतीचं देऊळ आहे, तिथं रस्ता खचलेला असतो, उजवीकडून घे. खरंच खचलेला होता. किनवट यायच्या आत त्यांचं सुरू झालं ते थांबलं नाही. आणि किनवट गेल्यावर माझ्या लक्षात आलं की सासूबाई इंजिनच्या आवाजावरूनच गुडघा सरकवत आहेत, मला सांगावं लागत नाही.

माहूरला पोचल्यावर आधी पांडवलेणी बघायची, हीसुद्धा आमच्या घरची रीत. गावाच्या कडेला डोंगराच्या पोटात कोरलेली ती लेणी. मोठमोठे जाड खांब, आत गारवा आणि वटवाघळांचा वास. पांडवांनी एका रात्रीत कोरली, कोंबडा आरवला आणि काम अर्धवट टाकून ते निघून गेले, अशी सासूबाईंची गोष्ट. ती त्या दर वर्षी नव्यानं सांगतात. मला ती गोष्ट कधी पटली नाही. एका रात्रीत असलं काम होत नसतं. कोणी तरी माणसांनी इथं वर्षानुवर्षं छिन्नी चालवली आहे, आणि त्यांतल्या प्रत्येकानं कधी तरी ती पहिल्यांदा हातात धरली असणार. त्या दिवशी छिन्नीच्या खुणांवर हात ठेवताना मला त्या पहिल्या दिवसाचं फार वाटलं. छिन्नी वाकडी पडली असेल. शेजारच्यानं हसून घेतलं असेल.

मालक आत जाऊन एका खांबाला दोन्ही हातांनी चाचपत उभे होते. वरपासून खालपर्यंत हात फिरवून ते मला सांगू लागले, इथपर्यंत गुळगुळीत केलंय, इथून पुढं खरबरीत ठेवलंय, इथं छिन्नी घसरलेली दिसते. दरसाल आम्ही इथं येतो, पण हे मी कधी पाहिलं नव्हतं. ते बोलत राहिले आणि मी ऐकत राहिले. कितीतरी महिन्यांत ते सलग एवढं बोलले नव्हते.

मग गड. रेणुकेच्या पायऱ्या चढताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. दोन्ही बाजूंना विड्याची पानं, नारळ, कुंकवाच्या राशी. गाभाऱ्यात देवीचं नुसतं मुख आहे, शेंदराचं, भलं मोठं, आणि डोळे असे की आपण कुठंही उभे राहिलो तरी आपल्याकडेच बघतात. मागं वळून पाहू नकोस असं सांगितलेलं असताना परशुरामानं घाईनं वळून पाहिलं, म्हणून आई मुखापुरतीच जमिनीतून वर आली, असं सांगतात. लेकाच्या उतावीळपणाची गोष्ट म्हणून सासूबाई ती मालकांना लहानपणापासून ऐकवत आल्या आहेत.

आमची पाळी आली. मी हात जोडले, सासूबाईंनी खणानारळानं ओटी भरली. मालकांनी हात जोडले आणि तोंड बाजूच्या भिंतीकडे वळवलं. पुजाऱ्यांना वाटलं, यांचं लक्ष नाही. त्यांनी इकडे समोर बघा म्हणून सांगितलं. मालक हळूच म्हणाले, बघतोच आहे महाराज, मला असंच दिसते. कडेच्या नजरेत देवी यावी म्हणून ते भिंतीकडे बघत होते.

सासूबाईंनी ते पाहिलं. घरात त्यांनी डोळ्यांची औषधं दिली होती, नागपूरच्या खेपा ऐकल्या होत्या, पण मुलाला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटत असावी. पायऱ्या उतरताना मधल्या चौथऱ्यावर त्या थांबल्या आणि मुलाच्या समोर उभ्या राहिल्या.

“तुले मी दिसतो का रे?”

“पदर दिसते, माय,” मालक म्हणाले. “तोंड नाही दिसत.”

त्या तिथंच पायरीवर बसल्या. प्रसादाचा तांबूल, विड्याचं कुटलेलं पान, त्यांच्या तळहातावर तसाच होता. दाढा पडल्यापासून तो त्यांना फार आवडतो, एरवी गाभाऱ्याबाहेर येईतो संपलेला असतो. मी त्यांच्या शेजारी बसले. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. मग त्या म्हणाल्या की वर मठाकडे जायचं नाही. भाजी इथंच कोणाला तरी देऊ आणि उतरू. आणि सोमवारी गाडी द्यायची ती द्यायचीच. एकाचे डोळे गेले, आता दुसऱ्याचा घोर नको.

म्हणजे माझी परीक्षा पेपर तपासायच्या आधीच संपली होती. पण मालक बोलले. पहिला तोडा मठातच पडतो माय, खाली कसा द्यायचा, एवढंच म्हणाले. रीत मोडायची म्हटल्यावर सासूबाईंचा इलाज चालेना. उठल्या, तांबूल तोंडात टाकला आणि गाडीकडे चालू लागल्या.

दत्तशिखराकडचा रस्ता तेव्हा रुंद करायला घेतला होता. जुनं डांबर उखडून गिट्टी टाकलेली, ती अजून दबलेली नव्हती. एका वळणाला खडा चढ लागला. मी पहिला गिअर टाकला, गाडी अर्धा चढ चढली आणि थांबली. इंजिन ओरडतंय, मागून खडे उडतायत, गाडी जागची हलत नाही. मी हँडब्रेक ओढला.

मागं रांग लागली. भाविकांनी भरलेली एक जीप, तिच्यामागं आणखी गाड्या. हॉर्न सुरू झाले. जीपचा ड्रायव्हर उतरून आला. चांगला माणूस होता, हसला नाही. काकू, तुमी उतरा, मी चढवून देतो, म्हणाला. सासूबाई लगेच म्हणाल्या, हो बाबा, दे चढवून. मला म्हणाल्या, उतर बाई, बस्स झालं.

मी उतरले. पण किल्ली त्याच्या हातात दिली नाही. मालक माझ्याआधीच उतरून गाडी धरत धरत मागं गेले होते. चाकामागं लावायला त्यांनी चाचपून दोन दगड शोधले आणि लावले. मग म्हणाले की मागचं चाक जागेवर फिरत होतं, आवाज ऐकला मी. मी वाकून पाहिलं. मागच्या चाकांनी गिट्टीत खड्डे पाडले होते. मग गाडीत डोकावले. मागची अर्धी गाडी रिकामी आणि सगळा भार केबिनला टेकून. मागं वजनच नव्हतं, चाक दबणार कशानं? मी म्हणाले, माल मागं घ्यायचा. कोहळी सगळी शेवटच्या फळीला.

सासूबाई मागच्या फळीसमोर आडव्या येऊन उभ्या राहिल्या. एवढ्या घाबरलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“मांगं नोको,” त्या म्हणाल्या. “चढावर मांगं वजन गेलं का गाडी उलार होते. मी पाह्यलं हाय.”

उलार म्हणजे मागं जड होऊन पुढून उचललेली गाडी. मग त्यांनी ते सांगितलं. रांगेतले हॉर्न वाजत होते आणि त्या सांगत होत्या. मालक तेव्हा त्यांच्या पोटात होते. सासरे बैलगाडीनं पहिला तोडा घेऊन याच डोंगराला आले होते. चढावर पोती घसरून मागं गेली, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं गेलं आणि गाडी उलटी घळीत गेली. एक बैल मेला. सासऱ्यांचा पाय त्या दिवशी अधू झाला तो जन्मभर. मी त्यांना लंगडतानाच पाहिलं, पण कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून गडाला जाताना भार पुढं भरायचा, हे सासूबाईंनी मनाशी धरलं होतं. केबिनला टेकून जागा तेवढीच, आणि गोल कोहळ्यांवर ठेवलेले क्रेट चढावर घसरून मागं येतील, म्हणून टमाट्यावर कोहळी चढवली. टमाटे फुटले तर फुटू देत, सून गाडीसकट मागं घळीत जाऊ नये.

आणि मी सकाळपासून काय काय समजून बसले होते. माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. त्या जागी काही तरी फार मऊ आलं. पण रांग थांबली होती आणि बोलणं भाग होतं.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “बैल पुढून वढतेत. हे गाडी मांगून ढकलते.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खाली वाकल्या. पुढचं चाक पाहिलं, ते गिट्टीवर स्वच्छ उभं होतं. मागचं पाहिलं, ते खड्ड्यात. जन्मभर बैल आणि गाडी हाकलेल्या घरातली बाई, तिला आणखी समजावून सांगायची गरज नव्हती. कमरेला पदर खोचून त्यांनी वरचं कोहळं उचललं आणि मागच्या फळीला नेऊन ठेवलं. मग मी उचललं. जीपवाला आणि त्याच्या गाडीतले दोघं-तिघं आले. सगळा भार मागं गेला, क्रेटसुद्धा. मी बसून पाहिलं. गाडी थोडी हलली आणि पुन्हा घसरली. आणखी वजन हवं होतं.

आरशात मी बघते तो सासूबाई मागच्या फळीवर पाय देऊन वर चढतायत. मी खिडकीतून ओरडले, तुम्ही नाही, तुम्ही उतरा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. अगदी शेवटी, कोहळ्यांच्या राशीवर त्या मांडी घालून बसल्या आणि बाजूचा दांडा दोन्ही हातांनी धरला. चढावर गाडीची जी बाजू त्यांना इतकी वर्षं स्वप्नात भिववत होती, नेमकी तिथंच त्या जाऊन बसल्या. मालक त्यांच्यापाशी चढले आणि दुसरा दांडा धरून बसले.

“चालव आता,” सासूबाई म्हणाल्या.

मी पहिला टाकला. क्लच अर्धा, हँडब्रेक हळू सोडला, पाय एकसारखा ठेवला. मालकांनी शेतात शिकवलं होतं अगदी तसंच. चाक एकदा घसरलं, दबलं, आणि धरलं. आरशात मला सासूबाई दिसत होत्या, डोळे मिटलेले, पदर दातांत. गाडी कण्हत कण्हत वळणावर आली, वळली आणि वर निघाली. जीपवाल्यानं मागून एक हॉर्न दिला. मी तशीच मठाच्या अंगणापर्यंत गेले, कारण मध्ये थांबले असते तर माझ्यानं पुन्हा निघवलं नसतं.

मठात क्रेट उतरवले तेव्हा तळचे टमाटे फुटलेले होते. स्वयंपाकघरातली बाई म्हणाली, डाळीतच जायचे आहेत, आमचं चिरायचं काम वाचलं. तिथंच पंगतीला बसलो. आमच्या टमाट्यांची आंबटगोड डाळ आणि भात. मालकांनी दोनदा मागून घेतली. पुढच्या शिखरावरच्या अनसूयेच्या देवळाच्या पायऱ्या सासूबाईंना झेपेनात, म्हणून खालूनच हात जोडले. अनसूयेची परीक्षा घ्यायला तीन देव यावे लागले होते, आणि माझी घ्यायला एक सासू पुरली, असं मी मनात म्हटलं. मग वाटलं, परीक्षा काही एकट्या माझीच नव्हती झाली. घाबरलेल्या माणसानं जाऊन मागच्या फळीवर बसावं, याला काय म्हणायचं?

परतीला उतार मी लहान गिअरवर काढला. गाडीत कोणी गाडीचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. धडधाकट घरी पोचायचं अजून बाकी होतं, आणि पायरीवर बसून सासूबाई काय म्हणाल्या होत्या ते मी विसरले नव्हते. मालक रस्ता सांगत होते. उन्हं तिरपी झाली होती, सागाच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या.

किनवटच्या अलीकडे मालकांचा फोन वाजला. स्क्रीनवरचं नाव त्यांना वाचता येत नाही, म्हणून ते नेहमी आवाज मोठा करूनच बोलतात. आदिलाबादचा व्यापारी होता. सोमवारी सकाळी येऊ ना, कागदपत्रं तयार ठेवा, म्हणाला. मालकांनी फोन आईच्या तोंडापुढं धरला. माझी नजर रस्त्यावर होती, पण कान आणि जीव दोन्ही तिकडे होते.

“गाडी इकाची नाही, भाऊ,” सासूबाई म्हणाल्या. “आमाले डायवर भेटला.”

कोण भेटला, कुठल्या गावचा, असं त्यानं विचारलं. घरचाच आहे, असं सांगून त्यांनी फोन बंद करायला लावला.

किनवट मागं पडलं. मग मालकांनी विचारलं. अगदी हळू विचारलं, पण किल्ली कोनाड्यात ठेवली त्या दिवसापासून त्यांच्या मनात हेच होतं, हे मला आवाजावरून कळलं.

“मंग मी काय करू, माय?”

सासूबाईंनी पुढचं-मागचं काही पाहिलं नाही.

“तू मांगं बसजो,” त्या म्हणाल्या. “वजनाले.”

क्षणभर मला वाटलं, हे फार लागेल त्यांना. पण ते हसले. आधी नाकातून, मग खो-खो, डोकं मागं टाकून, पोट धरून. त्यांच्यामागून सासूबाई हसायला लागल्या, दाढा नसलेलं तोंड उघडं टाकून. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितल्यापासून हा माणूस असा हसला नव्हता. मी इंडिकेटर दिला आणि गाडी कडेला घेतली, कारण मलाही समोरचा रस्ता नीट दिसेना.